सुईचा पाळणा

इबू, आज दुपारी हंड्याचा गळा ठोकत बसलो होतो. मध्येच भिंतीवर तुझी थाप पडल्यासारखं वाटलं आणि हातोडा वरच्या वर थांबला. किती वेळ तसाच बसलो कुणास ठाऊक. समोरचा शिंपी ओरडला, "गणपा, बसल्या बसल्या झोप लागली काय रं?" तेव्हा भानावर आलो. भिंतीपलीकडं आता कुणी नाही. तुझ्या दुकानाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्या कनवटीला आहे.

लिहायला बसलो खरा, पण तुला ठाऊकच आहे, लेखणी हातात आली की माझी जीभ शाळेत जाऊन बसते. तोंडात 'हाय' असतं आणि कागदावर 'आहे' उमटतं. तू असतास तर मांडी थोपटून हसला असतास. "आरं तांबटा, नीट बोल की! दरबारात अर्ज लिवायला बसलास व्हय?" म्हणाला असतास. हस बाबा, पोटभर हस. तुझ्याशी नीट बोलायची वेळ होती तेव्हा बोललो नाही, आता अर्ज तर अर्ज.

आपली दुकानं एका भिंतीची. अलीकडं माझी भट्टी आणि ऐरण, पलीकडं तुझी घड्याळं आणि होकायंत्रं. तांबटानं ठोकल्याशिवाय पोट भरत नाही आणि घड्याळजीला टेबल हललेलं चालत नाही. शिवाजी पेठेत एवढी जागा सोडून आपण नेमकी शेजारीशेजारीच दुकानं घेतली, कारण दुसरीकडं करमलं नसतं. त्यावर तोडगाही तूच काढलास. तू भिंतीवर थाप मारलीस की मी ठोकायचं थांबायचं. परत मारलीस की सुरू करायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं भिंतीत उंदीर आहेत.

महाराज गादीवर आले तेव्हा आपण हत्तीच्या मागं धावणारी पोरं होतो. पुढं तालमीत गेलो. मी आपला माती उकरायला आणि तुला तेल चोळायला, खरा पैलवान तू. तुला सगळी पेठ ओळखायला लागली आणि त्याच साली तुझ्या अब्बांनी तुला घड्याळाच्या टेबलाशी बसवलं, कारण त्यांचे डोळे गेले होते. तू तालमीतल्या हौदाच्या कडेला बसून रडलास. एवढा दांडगा गडी, पण पोरीसारखा रडलास. मी घरी गेलो, बापाच्या डोळ्यांआड तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि तुझ्यासाठी कडं केलं. माझ्या हातचं पहिलं काम ते. वेडंवाकडंच होतं. तू ते डाव्या हातात घातलंस, बोटं आवळून, थुंकी लावून. वर्षभरात तुझं मनगट असं भरलं की कडं जागचं हलेना. म्हणालास, "हे आता मेल्यावरच निघंल बघ." मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

लोकांना नवल वाटायचं की एवढ्या रुंद पंजाचा माणूस एवढं बारीक काम कसं करतो. घड्याळांपेक्षा तुझा जीव होकायंत्रात, तुझ्या भाषेत होक्यात, जास्त. संस्थानच्या नव्या धरणाची मोजणी सुरू झाली तशी तिकडची होकायंत्रं तुझ्याकडं यायला लागली. वापरून वापरून त्यांच्या सुया मंद व्हायच्या, उत्तर कुठं आहे ते विसरायच्या. तू त्यांना परत चुंबक द्यायचास. मी कितीदा बघत बसलोय. सुई आडवी ठेवायची, चुंबकाच्या दोन कांड्या तिच्या मध्यावर टेकवायच्या, दोन टोकांकडं अलगद ओढत न्यायच्या, वर उचलायच्या, पुन्हा मध्यावर. बघायला सोपं. पण सुईच्या पोटाशी गारेच्या दगडाची टोपी असते, ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्या टोपीवर सुई खिळ्यावर फिरते. कांड्या उचलल्या की सुईही त्यांच्यामागं उडी मारते, आणि उडून पडली की टोपीला तडा. मग सुई गेली. म्हणून सगळी मेख सुई धरण्यात होती.

तू तिला लाकडाच्या फळीवर मेणानं चिकटवायचास. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, उन्हाळ्यात मेण ओघळायचं. टोपीत मेण गेलं की ते काढताना तुझा जीव टांगणीला. एकदा टोपी फुटली तर दिवसभर जेवला नाहीस. मी म्हणालो, "इबू, तुज्या सुईला पाळणा करून देतो. पितळंचा. फुगनार न्हाय, वितळनार न्हाय. मधी टोपीला खळगा आन् दोन्ही टोकांना खिट्या. बाळ झोपल्यावानी झोपंल." तू म्हणालास, "बारशाला बोलव मंजे झालं."

इबू, त्या पाळण्याला मी काय केलं आणि काय नाही! चुंबकाच्या कामात लोखंडाचा कण चालत नाही, हे तुझ्याकडूनच शिकलो होतो. म्हणून मोडीचं पितळ घेतलं नाही. नवं तांबं, नवं जस्त, वितळवायची मूससुद्धा नवी. कानस लावली तर तिचा कण पितळात रुतेल म्हणून कानस लावली नाही, नुसता दगडानं घासला आणि चिंचेनं उजळला. खिट्याही पितळेच्याच. विड्याच्या पानाएवढा पाळणा, पण त्याच्यापायी गिऱ्हाइकांचे हंडे पडून राहिले. बायको म्हणाली, "सवतीचं बाळंतपन चाललंय जनू."

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. धरणाचे ओव्हरसिअर आले होते. शिंपी होता, आणखी दोघं-तिघं होते. मी मुद्दाम त्या वेळेला आलो. म्हटलं, चार माणसांदेखत द्यावा. तू तुझी पारखीची सुई टेबलावर ठेवलीस, जिला तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस ती. उजव्या हातानं भिंग डोळ्याला लावलंस, पाळणा डाव्या तळहातावर घेतलास आणि सुईच्या शेजारी हळूच टेकवलास.

सुई फिरली.

तू हात मागं घेतलास, पुन्हा नेलास. पुन्हा फिरली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"गणपा, ह्यात लोखंड हाय."

"कशात?"

"पितळंत."

"डोळं फुटलं काय तुजं? नवं तांबं हाय, नवं जस्त हाय. कानससुदिक लावली न्हाय त्याला!"

"मला काय सांगतोस? सुई बघ की. तिला काय तुजं-माजं कळतंय?"

शिंपी खो-खो हसला. "तांबटाचं पितळ उघडं पडलं रं!" ओव्हरसिअरही हसले. माझ्या कानशिलात जाळ झाला. मी म्हणालो, "माज्या बापाच्या भट्टीला नाव ठेवतोस? किल्ल्या फिरवनारा तू, मला पितळ शिकवतोस?" तू आवाज चढवला नाहीस, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणालास, "भट्टी तुज्या बापाची असू दे न्हायतर देवाची. ह्या सुईवर उद्या धरनाची रेघ वढायची हाय. चुकली तर लोक माज्या नावानं शिमगा करतील."

मी पाळणा हिसकावून घेतला आणि निघालो. तेवढंच. माझ्या हातानं तो एकदा सुईजवळ नेला असता तर? शेजारच्या टेबलापर्यंतचं अंतर ते. पण रागानं आंधळ्या माणसाला टेबल दिसत नाही. पाळणा पेटीच्या तळाला टाकला आणि तुझं दुकान मला बंद झालं.

पण भिंतीवरची थाप बंद झाली नाही, हे मात्र आपल्या दोघांनाही मान्य करावं लागेल. तू मारायचास, मी थांबायचो. तू परत मारायचास, मी सुरू करायचो. रस्त्यात समोरासमोर आलो तर तू आकाशाकडं बघायचास आणि मी गटाराकडं. ईदेला वहिनी शीरखुर्मा धाडायच्या, दिवाळीला आमच्या घरून करंज्या जायच्या. भांडण आपलं दोघांचंच, बायकांनी त्यात पाय ठेवला नाही. किती वर्षं तशीच गेली. आता मोजावीशी वाटत नाहीत.

त्यातल्याच एका वैशाखात थाप पडली आणि मी थांबलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला, मग आणखी गेला. दुसरी थाप आलीच नाही. मी संध्याकाळपर्यंत हातोडा उचलला नाही. नंतर शिंप्याकडून कळलं की मेण ओघळलं, सुई उडाली आणि टोपी फुटली, तीही धरणाच्या सगळ्यांत चांगल्या होक्याची. त्यानंतर तिकडची कामं पुण्याला जायला लागली. ऐकून मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, कुठंतरी थोडं बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. मी पेटीतून पाळणा काढला, फडक्यात गुंडाळला, तुझ्या पायरीपर्यंत आलो. आत तू पाठ करून बसला होतास. मनात आलं, हा परत म्हणाला 'लोखंड हाय', तर? आणि परत फिरलो.

इबू, त्या दिवशी तू नुसतं मागं वळून बघितलं असतंस तरी चाललं असतं. हा दोष तुझ्या पदरात घालतोय असं समजू नकोस. पण वळला असतास तर बरं झालं असतं.

मग तुझा खोकला सुरू झाला. भिंतीपलीकडून आधी थाप यायची, मग खोकला, मग नुसता खोकलाच. एक दिवस दुकान उघडलं नाही. मी पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलो होतो, तिथले पेढे घेतले आणि सरळ तुझ्या घरी आलो. काही ठरवून आलो नव्हतो, पायच तिकडं वळले. तू उशीला टेकून बसला होतास. मला बघितलंस आणि म्हणालास, "आला व्हय पावना? ये, बस." जणू कालच भेटलो होतो. पेढा खाल्लास. मग कुस्त्यांवर बोललो. खासबागेत कोण कुणावर चढला, कुणाला कोणता डाव आवडतो. तू बसल्या बसल्या हातानं डाव दाखवायला गेलास, आणि बाही मागं सरली. ते कडं मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेलं. जे कधी हलत नव्हतं, ते असं सैल. मी मान फिरवून खिडकीकडं बघत बसलो.

निघताना तू विचारलंस, "गणपा, तो पाळना हाय का रं अजून?"

मी म्हणालो, "कुटला पाळना?"

तोंडातून गेलं, इबू. का गेलं ते मलाही सांगता येत नाही. घाबरलो असेन. एवढ्या वर्षांनी जमलेलं बोलणं परत फिसकटेल असं वाटलं असेल. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "काय न्हाय. जा, ऊन चढायच्या आत जा." तुला तो हवा होता? पुन्हा पारखायचा होता? का नुसतं म्हणायचं होतं की जाऊ दे, झालं ते झालं? मी मनाशी म्हटलं होतं, पुढच्या वेळी येताना घेऊनच येईन. पुढच्या वेळी आलो तो तुला खांदा द्यायला.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, अमिना वहिनींनी मला थांबवून घेतलं. दाराआडूनच बोलल्या. "गनपाभाऊ, हे तुमचं तुमाला." दाराच्या फटीतून कडं पुढं आलं. "गुस्लला, आंगूळ घालायच्या येळंला, आपसूक निघालं. हात कुटं हात ऱ्हायला हुता."

मी ते बंडीच्या खिशात ठेवलं. त्या म्हणाल्या, "तुमचं भांडान झालं तवा म्या म्हनलं हुतं, कापून टाका की ते कडं, कशाला मिरवताय? तर मला म्हनले, भांडान पितळंचं हाय, तांब्याचं न्हाय."

इबू, हे तू मला का सांगितलं नाहीस? भिंतीवर थाप मारता येत होती तुला, एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं?

वहिनींनी दुकानाची किल्ली दिली. नेसरीकडच्या एका मोजणीदाराचा होका पडून आहे, म्हणाल्या, तेवढा नीट करून त्याचा त्याला द्या, ह्यांच्या नावावर कुणाची वस्तू राहायला नको. मी म्हटलं, मला जमायचं नाही. त्या म्हणाल्या, "बघून बघून जमंल." आज हंडा बाजूला ठेवून कुलूप उघडलं. तुझ्या टेबलाशी बसलो. तुझी खुर्ची मला उंच होते. पेटीतून पाळणा आणला होता, तो समोर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिलो. म्हटलं, गणपा, आज सोक्षमोक्ष लावूनच टाक.

पारखीची सुई काढली. ती थरथरून उत्तरेला थांबली. तू करायचास तसा श्वास धरला, पाळणा तळहातावर घेतला आणि शेजारी टेकवला.

सुई हलली नाही.

पलीकडून नेला, वरून नेला, खिट्या जवळ नेल्या. ढिम्म. इबू, माझं पितळ स्वच्छ होतं! मी खुर्चीवरून उठलो आणि ओरडलोच, "बघ! बघ रं!" आणि भिंतीकडं वळलो. भिंतीच्या त्या बाजूला माझंच दुकान होतं, रिकामं.

जिंकल्यावर एवढं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं. खाली बसलो, डोळे पुसायला पुढं वाकलो, आणि सुई फिरली. मी चपापलो. मागं सरलो, ती परत उत्तरेला गेली. वाकलो, पुन्हा फिरली. आधी वाटलं श्वासानं फिरली. मग बंडीचा खिसा चाचपला. खिशात तुझं कडं होतं.

कडं काढून सुईजवळ धरलं, तशी ती गर्रकन त्याच्याकडं वळली.

तांब्याचं कडं! तांब्याला कुठला चुंबक? उलटंपालटं करून बघितलं आणि मग एकदम आठवलं. आम्ही तांबट भांड्याची कड दुमडतो ना, ती कधी पोकळ ठेवत नाही. तिच्यात लोखंडाची तार घालतो, कड दबू नये म्हणून. बापानं मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. तुझं कडं करताना मी हात शिकवल्याप्रमाणं चालवला. तारेभोवती तांब्याचा पत्रा वळवला, सांध्याला डाग दिला आणि विसरून गेलो. तुला वाटलं तांब्याचं, मलाही तांब्याचंच वाटत राहिलं. इतकी वर्षं चुंबकाच्या कांड्यांशेजारी राहून त्या तारेतही चुंबक भरला असणार. सुई पारखताना तू कायम हात पाठीशी घेऊन बसायचास, म्हणून कधी कळलं नाही. फक्त त्या एका दिवशी डावा हात पुढं केलास, माझा पाळणा धरायला.

म्हणजे तुझी सुई खोटं बोलली नाही. माझं पितळही खोटं नव्हतं. दोघंही खरे आणि दोघंही गप्प, असं झालं सगळं. भांडण लावलं कुणी, तर आपल्या दोस्तीच्या कड्यानं. हे तुला सांगितलं असतं तर तू आधी मला एक शिवी दिली असतीस, मग इतका हसला असतास की खोकला लागला असता.

नंतर कडं लांब भिंतीपाशी ठेवून आलो आणि मोजणीदाराची सुई पाळण्यात घातली. टोपी खळग्यात बसली, खिट्या लावल्या. तू टेकवायचास तशा कांड्या टेकवल्या, ओढल्या, उचलल्या. पण सुई जागची उठली नाही, इबू. मी मनात धरलं होतं तशी झोपली होती, बाळासारखी. टोपीला ओरखडासुद्धा नाही. खिळ्यावर ठेवली तर दोन-चार झोके घेऊन उत्तरेला थांबली. ह्याच पाळण्यात तुझ्या त्या वैशाखातल्या सुईची टोपी वाचली असती. धरणाची कामं तुझ्याकडंच राहिली असती. आणि रोज दुपारी माझ्या ओट्यावर बसून तू मला शिव्या दिल्या असत्यास.

कडं आता माझ्या हातात आहे. माझं मनगट तुझ्याएवढं कधी नव्हतं, त्यामुळं ते सैल होतं, काम करताना वर सरकवावं लागतं. पाळणा तुझ्या टेबलावर ठेवलाय. होका उद्या नेसरीला जाईल. वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही, सांगताना रडायला येईल म्हणून.

राहून राहून तोच दिवस डोळ्यांपुढं येतो. ओव्हरसिअर उभे आहेत, शिंपी दात काढतोय, तू भिंग लावून वाकला आहेस आणि सुई फिरली आहे. मी तिथंच उभा आहे, तुझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. शिवी नको होती, बापाची भट्टी नको होती. पुढं वाकून एवढंच म्हणायचं होतं: इबू, दुसऱ्या हातानं धरून बघ की.